टेमार नदीच्या पलीकडे

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडनचे धुके, मँचेस्टरच्या गिरण्या आणि पाठ्यपुस्तकातील कोळशाच्या खाणी उभ्या राहतात. दीडशे वर्षे ज्यांचे राज्य आपण सोसले त्यांच्या देशातील परगण्यांविषयी आपले ज्ञान किती तोकडे असावे! यॉर्कशायर, केंट, लँकेशायर ही नावे क्रिकेटच्या कृपेने कानांवर पडली, एवढाच काय तो आपला परिचय. ज्याला क्रिकेटच्या मोठ्या परगण्यांत स्थान नाही, ज्याच्या नावाने एकही प्रसिद्ध गिरणी नाही, अशा एका परगण्याची ओळख वाचकांस करून द्यावी असे आमच्या मनात बरेच दिवस होते. हा परगणा म्हणजे कॉर्नवॉल. तोच का निवडला याचे कारण ओघात येईलच.

ग्रेट ब्रिटनच्या नकाशावर नैर्ऋत्येकडे पाहावे. तेथे भूमी निमुळती होत होत एखाद्या शिंगाप्रमाणे अटलांटिक महासागरात शिरली आहे. ते शिंग म्हणजेच कॉर्नवॉल. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,५६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा किंचित लहान. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ५ लाख ७० हजार. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला टेमार नदी. ही नदी उत्तर किनाऱ्यापासून अवघ्या सहा-सात किलोमीटरांवर उगम पावते, आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून शंभराच्या आसपास किलोमीटर दक्षिणेकडे वाहत प्लिमथच्या खाडीला मिळते. तिने उगमापाशी थोडी वाट वाकडी केली असती तर कॉर्नवॉल हे बेटच झाले असते. इ. स. ९३६ च्या सुमारास सॅक्सन राजा ॲथेल्स्टन याने या नदीचा पूर्व काठ ही आपल्या आणि कॉर्नवॉलच्या लोकांमधील सीमा ठरवली असे सांगतात. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती सीमा मुख्यतः तेथेच आहे. सीमेचे प्रश्न अनुभवलेल्या आमच्या वाचकांस याचे नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

नावाची कथा आणखी बोलकी आहे. तेथील लोक आपल्या भूमीला स्वतःच्या भाषेत 'केर्नो' म्हणतात. 'कॉर्नवॉल' या नावातील 'वॉल' हा अंश मात्र सॅक्सनांनी जोडलेला. त्याचा मूळ अर्थ 'परके'. नंतर आलेल्यांनी आधीपासून राहणाऱ्यांना परके ठरवले, आणि तेच नाव सरकारी दप्तरात कायमचे बसले! वेल्स या देशाचे नावही याच शब्दापासून झालेले आहे. आम्ही येथे 'परगणा' हा शब्द वापरीत आहोत, परंतु तेथील अनेक अभिमानी मंडळींना तो रुचत नाही. आमची भूमी परगणा नसून ड्यूकची स्वतंत्र जहागीर आहे, असे ते बजावून सांगतात. १३३७ साली राजा तिसरा एडवर्ड याने ही जहागीर आपल्या थोरल्या मुलासाठी निर्माण केली, आणि आजही राजाचा थोरला पुत्र व वारस तो ड्यूक ऑफ कॉर्नवॉल असतोच.

आता या भूमीच्या अंतरंगात शिरू. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीखाली शिलारस वर चढला आणि पृष्ठभागापर्यंत न पोहोचता आतच थिजला. त्याचा ग्रॅनाइट झाला. वरचे मऊ खडक झिजून गेल्यावर या ग्रॅनाइटचे माथे ठिकठिकाणी उघडे पडले: बॉडमिनचे माळ, सेंट ऑस्टेलच्या मागचे डोंगर, कॅमबोर्नजवळचे पठार, पश्चिम टोकाचा पेनविथचा भाग आणि त्यापलीकडे समुद्रातील सिली बेटे. 'डोंगर' म्हटले म्हणून सह्याद्री मनात आणू नये. या परगण्यातील सर्वांत उंच माथा ब्राउन विली, त्याची उंची जेमतेम ४२० मीटर. झाडांचे नाव नाही, वाऱ्याला अडसर नाही आणि पावसाला खंड नाही, असे ते माळ आहेत. दक्षिणेकडील लिझर्ड नावाच्या टोकाचा खडक निराळाच आहे. तो एके काळच्या महासागराचा तळ. भूकवचाच्या हालचालींत वर ढकलला गेलेला, सर्पाच्या कातडीसारखा हिरवा-तांबडा दगड. ग्रेट ब्रिटनच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक तेच.

हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली तेव्हा दक्षिण किनाऱ्यावरील नद्यांची मुखे पाण्याखाली गेली. फाल, फॉई, हेलफर्ड या नद्यांच्या त्या बुडालेल्या दऱ्या आज खोल, वळणावळणाच्या खाड्या झाल्या आहेत. फाल नदीच्या मुखावरील फाल्मथ हे नैसर्गिक बंदर याच कारणाने प्रसिद्धीस आले. उत्तर किनारा मात्र याच्या अगदी उलट: उभे कडे, खाली फुटणाऱ्या लाटा आणि आसऱ्याला फारशी जागा नाही. अटलांटिकमधील उबदार प्रवाहामुळे हिवाळा सौम्य असतो. बर्फ क्वचित पडते. सिली बेटांवर आणि पश्चिम टोकाला डॅफोडिलची फुले ऐन हिवाळ्यात फुलतात आणि रेल्वे झाल्यावर ती लंडनच्या बाजारात जाऊ लागली. फ्लॉवरची भाजीही येथे हिवाळ्यात निघते.

परंतु कॉर्नवॉलचे भाग्य जमिनीवर पिकले नाही. ते जमिनीखाली होते. ग्रॅनाइट थिजत असताना त्याच्या भेगांतून उष्ण द्रव वर चढले आणि थंड होताना कथील व तांबे तेथे ठेवून गेले. या उभ्या धातुशिरा कॉर्नवॉलच्या पोटात जाळ्यासारख्या पसरल्या आहेत. पितळेच्या पातेल्यांना आपण ज्याची कल्हई लावून घेत होतो ते कथील. तांब्यात ते मिसळले की कांसे होते. कांस्ययुगापासून येथील कथील समुद्रापार जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तर जगातील तांब्यापैकी सुमारे दोन तृतीयांश तांबे कॉर्नवॉल आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम डेव्हनमधून निघत होते.

खाण जसजशी खोल जाई तसतसे पाणी भरे. पाणी उपसण्यासाठी यंत्र हवे, यंत्राला कोळसा हवा, आणि कॉर्नवॉलमध्ये कोळसा मुळीच नाही. तो वेल्समधून जहाजाने येई आणि महाग पडे. या अडचणीतूनच थोड्या कोळशात अधिक काम करणारे यंत्र शोधण्याची ईर्षा निर्माण झाली. कॅमबोर्नजवळ १७७१ साली जन्मलेला रिचर्ड ट्रेव्हिथिक हा खाणीवरील माणूस. त्याने उच्च दाबाच्या वाफेचा उपयोग करून दाखवला आणि १८०१ च्या नाताळात कॅमबोर्नच्या रस्त्यावर वाफेची गाडी माणसे बसवून चालवली. आगगाडीचे श्रेय आपण स्टीफन्सनला देतो. वाटेवरचा हा पहिला माणूस आपल्या पुस्तकांत क्वचितच भेटतो.

पश्चिम किनाऱ्यावरील बोटॅलॅक आणि लेव्हंट या खाणींची हकीकत ऐकून अंगावर काटा येतो. त्यांची यंत्रघरे समुद्रकड्यावर उभी, आणि भुयारे थेट समुद्राखाली गेलेली. लेव्हंटची भुयारे किनाऱ्यापासून दीड किलोमीटरपेक्षाही आत गेली होती. वादळ झाले की डोक्यावरील समुद्रतळावर मोठमोठे धोंडे गडगडत, आणि त्यांचा आवाज खाली काम करणाऱ्यांना ऐकू येई. दिवसाचे काम झाल्यावर शेकडो मीटर शिड्या चढून वर येणे हे दुसरे कष्टाचे काम. त्यावर उपाय म्हणून काही खाणींत 'माणसांचे यंत्र' बसवले गेले: विवरात सोडलेला एक प्रचंड लांब लाकडी दांडा यंत्राने वर-खाली होई, त्याला पावले ठेवण्यापुरत्या फळ्या असत. दांडा वर आला की माणूस बाजूच्या ओट्यावर उतरे, पुढची फळी आली की तिच्यावर पाय ठेवी, आणि असा टप्प्याटप्प्याने वर येई. २० ऑक्टोबर १९१९ रोजी लेव्हंट येथे पाळी संपवून माणसे वर येत असताना या दांड्याची वरची जोडणी तुटली. त्यात ३१ जण मृत्यू पावले.

खाणीच्या तोंडाशी धातुपाषाण हातोड्यांनी फोडण्याचे काम बायका आणि मुली करीत. त्यांना 'बाल मेडन' म्हणत. आपल्या कानाला हा 'बाल' शब्द भलताच अर्थ सुचवतो. तेथील जुन्या भाषेत त्याचा अर्थ 'खाण' असा आहे. खाणकामगारांच्या जेवणाचा पदार्थ म्हणजे पेस्टी. मांस, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा एक कंद यांचे सारण कणकेच्या पारीत भरून, कडा मुरडून भाजलेली ही वस्तू आकाराने मोठी थोरली करंजीच होय. आमच्या शाकाहारी वाचकांनी तूर्त आकारावरच समाधान मानावे.

हे वैभव टिकले नाही. १८६६ च्या सुमारास परदेशच्या स्वस्त तांब्याने भाव कोसळला. लोक कथिलाकडे वळले, तोवर ऑस्ट्रेलिया आणि मलायातील कथील बाजारात आले. ज्या शिरा खणण्यासाठी भुयारात उतरावे लागे, तिच्याशी उघड्या नदीपात्रातून निघणाऱ्या मालाने स्पर्धा केली. खाणी बंद पडल्या आणि माणसे निघाली. १८६१ ते १९०१ या चाळीस वर्षांत दर दशकाला पुरुषवर्गापैकी सुमारे पाचवा हिस्सा परदेशी गेला असा अभ्यासकांचा हिशेब आहे. १८६१ साली परगण्याची लोकसंख्या ३ लाख ६९ हजार होती. बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ साली, ती ३ लाख ४२ हजारांच्या आसपास होती. इंग्लंडची लोकसंख्या वाढत असताना हा परगणा रिता होत होता.

हे लोक गेले कोठे? दक्षिण ऑस्ट्रेलियातील तांब्याच्या खाणींत, कॅलिफोर्नियात, दक्षिण आफ्रिकेत, मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींत. मेक्सिकोतील पाचुका या गावी आजही पेस्टी विकली जाते, फक्त आतील सारण मिरचीचे झाले आहे. आणि त्यांपैकी काही जण आले आपल्या कोलारला. १८८० पासून ज्या जॉन टेलर अँड सन्स कंपनीने कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवल्या, तिचा कारभार कॉर्नवॉलच्या खाणींतही होता. तेथील वाकबगार माणसे तिने म्हैसूर संस्थानात आणली. भुयारात घाम गाळणारे मजूर मात्र मुख्यतः तमिळ, तेलुगू आणि कन्नड मुलखातील होते. हे सांगितले पाहिजे, कारण खाणींच्या इतिहासात देखरेख करणाऱ्यांची नावे राहतात आणि खणणाऱ्यांची राहत नाहीत. कॉर्नवॉलची शेवटची मोठी कथिलाची खाण साउथ क्रॉफ्टी १९९८ साली बंद झाली, आणि कोलारच्या खाणी २००१ साली. साउथ क्रॉफ्टी पुन्हा सुरू करण्याची खटपट अलीकडे चालू झाली आहे. बंद यंत्रघरांचे दगडी सांगाडे आणि त्यांच्या धुराड्या कड्याकपारींवर उभ्या आहेत. २००६ साली युनेस्कोने या सगळ्या प्रदेशास जागतिक वारशाचा मान दिला.

सेंट ऑस्टेलच्या डोंगरांत कथिलाऐवजी निराळेच धन निघाले. ग्रॅनाइटमधील एक खनिज कुजून त्याची पांढरी शुभ्र चिनी माती झाली होती. अठराव्या शतकात विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्याने ती ओळखली. भांडी, औषधे आणि विशेषतः गुळगुळीत कागद यांसाठी ती लागते. तिच्या उपशाचे पांढरे ढिगारे डोंगरांएवढे झाले. त्यांतील एका रिकाम्या खड्ड्यात २००१ पासून पारदर्शक घुमटांखाली उष्ण कटिबंधातील वनस्पतींचे मोठे उद्यान उभे आहे.

पश्चिम टोकाजवळ पोर्थकर्नो नावाची वाळूची एक लहानशी चौपाटी आहे. तिचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे. १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागला होता. पुढे इराणच्या बाजूने तारायंत्र झाले, पण जमिनीवरच्या त्या तारा अनेक राज्यांतून जात, संदेश उशिरा पोहोचत आणि पोहोचताना त्यांचा अर्थ बदललेला असे. १८७० साली मुंबईहून एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असा समुद्राखालचा तारमार्ग पुरा झाला आणि त्याचे इंग्लंडकडील टोक पोर्थकर्नोच्या वाळूत वर काढण्यात आले. आधी ते फाल्मथ येथे न्यायचे होते. परंतु गजबजलेल्या बंदरात जहाजांच्या नांगरांनी तार तुटेल अशी धास्ती वाटून ही ओसाड चौपाटी निवडली. महिन्याचा प्रवास मिनिटांवर आला. मुंबईच्या कापसाचे भाव आणि कलकत्त्याच्या सरकारचे हुकूम कोळ्यांच्या या कोपऱ्यातून जा-ये करू लागले. दुसऱ्या महायुद्धात हे केंद्र वाचवण्यासाठी कड्यात बोगदे खोदावे लागले, तेव्हा ते काम अर्थातच कथिलाच्या खाणकामगारांनी केले. तारकेंद्र १९७० साली, शंभर वर्षे भरता भरता, बंद झाले. आता तेथे संग्रहालय आहे.

आता आमच्या मूळ कारणाकडे येतो. कॉर्नवॉलची स्वतःची भाषा होती. इंग्रजीशी तिचे नाते दूरचे. वेल्श आणि फ्रान्समधील ब्रेटन या तिच्या सख्ख्या बहिणी. मध्ययुगात तिच्यात मोठमोठी धार्मिक नाटके रचली गेली आणि मातीचा बांध घातलेल्या गोल उघड्या रंगणात ती दिवसेंदिवस चालत. सेंट जस्ट गावात असे एक रंगण अद्याप पाहावयास मिळते. ही भाषा कशी गेली, हा प्रश्न परमुलखात मराठी बोलणाऱ्या कुटुंबाला परका वाटू नये.

तिच्यावर पहिला घाव बसला तो १५४९ साली. लॅटिन प्रार्थना बंद करून सर्व चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक वापरावे असा कायदा झाला. कॉर्नवॉलचे लोक उठले. त्यांनी राजाकडे पाठवलेल्या मागण्यांत एक गाऱ्हाणे असेही होते की, आमच्यातील काहींना इंग्रजी मुळीच समजत नाही. उठाव चिरडला गेला आणि हजारो माणसे मारली गेली. वेल्समध्ये मात्र प्रार्थनापुस्तक १५६७ साली आणि संपूर्ण बायबल १५८८ साली वेल्श भाषेत छापून आले, आणि देवळातील भाषा घरात टिकली. कॉर्नवॉलसाठी असे कोणी केले नाही. येथे आम्हांस फादर स्टीफन्स यांची आठवण होते. विल्टशायर परगण्यातील हा इंग्रज याच १५४९ च्या सुमारास जन्मला, १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ख्रिस्ताची कथा ओवीत सांगण्याइतकी मराठी एका इंग्रजाने आत्मसात केली. आणि त्याच काळात त्याच्या जन्मभूमीपासून काही दिवसांच्या वाटेवर असलेल्या भाषेला छापील प्रार्थनाही मिळाली नाही.

त्यानंतर भाषा पूर्वेकडून पश्चिमेकडे मागे सरकत गेली. सरदार-जमीनदारांनी ती आधी सोडली, मग बाजाराने सोडली. अठराव्या शतकात ती पश्चिम टोकाच्या कोळीवाड्यांत उरली. १७६८ साली डेन्स बॅरिंग्टन नावाचा एक विद्वान ही भाषा बोलणारे कोणी आहे काय याचा शोध घेत आला. त्याला मासळी विकणारी एक म्हातारी भेटली, डॉली पेन्ट्रीथ. तुला ती भाषा येतच नसेल, असे कोणीसे म्हणताच तिने त्याच भाषेत दोन-तीन मिनिटे तोंडाचा असा पट्टा सोडला की शंकेला जागा उरली नाही. शेजारच्या दोन बायका हसत होत्या. त्या तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. विचारता असे कळले की, त्यांना भाषा समजते, पण सहज बोलता येत नाही. डॉली १७७७ साली वारली.

आम्हांस या कथेत डॉलीपेक्षा त्या दोन शेजारणी अधिक महत्त्वाच्या वाटतात. डॉलीला लोकांनी शेवटची बोलणारी म्हणून कीर्ती दिली (ती खरोखर शेवटची होती की नाही याविषयी वाद आहे), १८६० साली तिचे स्मारक झाले. पण भाषेचा निकाल लागला तो त्या शेजारणींच्या पिढीत. समजते, पण बोलवत नाही. आमच्या शाळेत मराठी घरांतील मुले येतात. आजी मराठीत विचारते आणि नातू शेजारच्या मुलांच्या भाषेत उत्तर देतो. आजीला वाटते, समजते आहे ना, मग झाले. अशी घरे आम्ही दर वर्षी पाहतो, आणि दर वर्षी आम्हांस त्या दोघी आठवतात.

भाषा तोंडातून गेली तरी जमिनीवरून गेली नाही. 'ट्रे' म्हणजे वाडी, 'पोल' म्हणजे डबके, 'पेन' म्हणजे टोक, 'पोर्थ' म्हणजे बंदर, 'लॅन' म्हणजे देवळाचे आवार. अशा शब्दांनी सुरू होणारी गावे आणि आडनावे परगण्यात पदोपदी भेटतात. पेन्झॅन्स म्हणजे पवित्र टोक. खाणींच्या नावांआधी येणारा 'व्हील' हा शब्दही चाकाचा नव्हे. त्याचा अर्थ 'काम'. बोलणारे आपल्याच गावाच्या नावाचा अर्थ विसरले आणि नाव उच्चारीत राहिले. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीत राहणाऱ्या आमच्या वाचकांस याचा अधिक खुलासा नको. कोळ्यांनी तर मासे मोजण्याचे आकडेही जपले होते. १८७० च्या दशकात हेन्री जेनर या तरुणाने म्हाताऱ्या कोळ्यांकडून ते आकडे आणि काही शब्द टिपून घेतले, आणि १९०४ साली त्याने या भाषेचे पाठ्यपुस्तक लिहिले. मृत म्हणून सोडलेली भाषा पुस्तकातून पुन्हा शिकण्यास आरंभ झाला. पुढे शुद्धलेखनावरून चार पंथ झाले आणि एकमेकांशी भांडले (यात मराठी माणसास अनोळखी असे काहीच नाही). २००८ साली त्यांच्यात तडजोड झाली. ब्रिटिश सरकारने २००२ साली भाषेला आणि २०१४ साली कॉर्निश लोकांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, आणि २०१६ साली भाषेचे अनुदान बंद केले. ही आपली मुख्य भाषा आहे असे सांगणारे इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत साडेपाचशेच्या आसपास निघतात. याउलट २०२१ साली परगण्यातील सुमारे ८० हजार लोकांनी, म्हणजे दर सातांत एकाने, आपले राष्ट्रीयत्व केवळ 'कॉर्निश' असे लिहिले. अभिमान पुष्कळ आहे, बोलणारे थोडे आहेत.

परगण्याची आजची स्थिती थोडक्यात सांगतो. १८५९ साली ब्रुनेल या अभियंत्याने टेमारवर सॉल्टॅश येथे रेल्वेपूल बांधला आणि लंडनहून येणे सोपे झाले. खाणी मिटल्या, मासेमारी आटली आणि प्रवासी हा मुख्य धंदा होऊन बसला. लोकसंख्या पुन्हा वाढली, परंतु वाढली ती बहुतांशी बाहेरून आलेल्यांनी: निवृत्त, सुखवस्तू, समुद्राची हौस असलेले. येथील पगार देशाच्या मानाने कमी, आणि घरांच्या किमती लंडनच्या लोकांच्या ऐपतीप्रमाणे. सेंट आइव्हज हे चित्रकारांचे आवडते कोळीगाव. तेथील रहिवाशांनी २०१६ साली मतदान करून नवी घरे कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत असा नियम पाचांत चारांहून अधिक मतांनी संमत केला. मग पाहुण्यांनी जुन्या घरांकडे मोर्चा वळवला. एप्रिल २०२५ पासून परगण्याच्या कौन्सिलने दुसऱ्या घरांवर घरपट्टी दुप्पट केली आहे. रस्त्यांच्या पाट्या आता दोन भाषांत होत आहेत. पाटीखालच्या घरात हिवाळ्यात दिवा असेलच असे नाही.

डॉली पेन्ट्रीथचे गाव इंग्रजीत लिहिताना 'उंदराचे बीळ' असे लिहितात आणि उच्चारताना 'माउझल' म्हणतात. तिच्या भाषेत त्याचे नाव पोर्थेनिस, बेटाजवळचे बंदर. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री येथील किनाऱ्याजवळ 'युनियन स्टार' हे नवे मालवाहू जहाज इंजिन बंद पडून वादळात सापडले. गावातील जीवरक्षक नाव 'सॉलोमन ब्राउन' घेऊन आठ जण निघाले. सगळे पगाराशिवाय काम करणारे स्वयंसेवक. एका घरातून दोघांनी यायचे नाही म्हणून नावेच्या प्रमुखाने एका तरुणास काठावरच ठेवले, कारण त्याचे वडील नावेत होते. लाटा नावेपेक्षा उंच होत्या. जहाजावरील चौघांना आपण घेतले आहे असा त्यांचा शेवटचा निरोप आला आणि मग काही ऐकू आले नाही. नावेतील आठही आणि जहाजावरील आठही गेले. दुसऱ्या दिवशी त्याच गावातून नव्या नावेसाठी पुरेशी माणसे पुढे आली. अशा नावेवर जाणारा माणूस हाक येताच काही मिनिटांत धक्क्यावर पोहोचला पाहिजे, म्हणजे त्याचे घर बंदराजवळ हवे. आणि बंदराजवळची घरेच आज सर्वांत महाग आहेत. माउझलला नाताळात बंदरभर दिव्यांची आरास करतात आणि ती पाहण्यास दुरून लोक येतात. दर १९ डिसेंबरला रात्री आठ वाजता ती तासभर मालवतात.